ठेक्यातली जागा

"हे कोण बनवला?" ओसागीनं विचारलं, आणि स्टीलच्या ताटाच्या कडेवर दोन बोटांनी ठेका वाजवून दाखवला.

ढँग टकटक ढँग. ढँग टकटक ढँग. मग थोडी मोकळी जागा. मग पुन्हा ढँग.

माणूस फुटबॉलवाला, वादकाचा हात नव्हे. पण ठेका त्यानं अचूक धरला होता. मधली जागासुद्धा जेवढी हवी तेवढीच सोडली होती. आई भाकरी थापत होती. आबा उंबऱ्यात तंबाखू मळत बसले होते. त्यांना कमी ऐकू यायचं, तरी त्यांनी मान वर केली.

"काय म्हाईत न्हाई बाबा," मी म्हणालो. "चौकीवाल्यांचं कायतरी असंल. तू जेव."

ओसागी माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि म्हणाला, "अच्छा."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा खेळ. जिथं पैलवान माती अंगाला लावतात त्याच तालमीच्या नावानं फुटबॉलची टीम, आणि मॅच असली की दुपारी तीनला पेठेतली दुकानं बंद. आमची बारव तालीम. रस्त्यापलीकडं चौकी तालीम. दोघांच्या मधे एक डांबरी रस्ता आणि आमच्या आज्यापणज्यापासूनची खुन्नस. त्या काळात प्रत्येक तालीम सीझनला एखाददुसरा परदेशी खेळाडू आणायची. ओसागी नायजेरियाचा. उंच, लांब ढांगा टाकणारा, आणि हेडरला उठला की आता खाली येतोय की नाही असं वाटावं असा. पहिल्या वर्षी तो चौकीकडून खेळला, दुसऱ्या वर्षी आमच्याकडं आला. पेठ बदलली की माणूस बदलला असं आमच्यात धरतात. काल ज्याच्या नावानं बोंब मारली त्याला आज खांद्यावर घ्यायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तालमीनं त्याला आमच्या घराच्या वरची खोली दिली आणि जेवण आईकडं लावलं. आई त्याला ओसाजी म्हणायची. तो तिला आईच म्हणायचा.

मी सर्जेराव सकटे, तालमीचा हलगीवाला. हलगी आमच्या घराची. आबांनी चाळीस वर्षं कुस्तीच्या मैदानांत वाजवली. त्यांच्या वडिलांनी देवळाच्या पायरीखाली उभं राहून वाजवली, कारण पायरी चढायची त्यांना मुभा नव्हती. हलगी आत ऐकू जायची, वाजवणारा बाहेर. माणसाला नावाऐवजी दुसरीच हाक मारली की कसं लागतं, हे आमच्या घराला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि तो ठेका मीच बनवला होता.

आदल्या वर्षी, चौकीविरुद्धच्या मॅचला. ओसागी तेव्हा त्यांचा होता आणि त्यानं आमच्यावर दोन गोल चढवले होते. मी गोलपोस्टच्या मागं, पहिल्या रांगेत. त्यांना पेनल्टी मिळाली, ओसागी बॉल ठेवून मागं सरला, आणि माझ्या हातातून तो ठेका निघाला. मधे मी जागा सोडली. शेजारी पोपट इंगवले होता, आमच्या घोषणा द्यायचं काम त्याचं. त्यानं त्या जागेत दोन्ही हात तोंडाशी धरून "हू! हू!" केलं, माकडासारखं. पुढच्या खेपेला पन्नास जणांनी केलं. त्याच्या पुढच्या खेपेला अख्ख्या गॅलरीनं. ओसागीची पेनल्टी बारच्या वरून गेली आणि मॅच आम्ही जिंकली. मी फक्त जागा सोडली, भरली पोपटनं, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. पण जागा कशासाठी सोडतोय हे मला वाजवतानाच माहीत होतं.

त्या दिवशी गुलालानं माखून घरी आलो तर आबा म्हणाले, "पडलेल्या पैलवानावर हलगी वाजवायची नसती."

"आबा, फुटबॉल हाय. कुस्ती न्हाई."

"आपल्याला बी लोकं हाका मारायची. ध्यानात हाय न्हवं?"

"हाय की," मी म्हणालो आणि आंघोळीला गेलो. ध्यानात होतंच. त्यानं काही फरक पडला नव्हता, एवढंच.

ठेक्यावर काही कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. ओसागी आमच्याकडं आल्यावर चौकीवाल्यांनी तो जसाच्या तसा उचलला. लीगच्या मॅचला समोरच्या गॅलरीतून तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझी नजर आधी त्यांच्या हलगीवाल्याच्या हातांकडं गेली. दुसरं ढँग तो अर्धवट मारत होता. माझ्या डोक्यात आलं ते हेच, की चुकीचं वाजवतोय. मग मैदानाकडं बघितलं. ओसागीनं दोन सोपे हेडर घालवले. त्यानं ताटावर बोटं वाजवली ती त्याच रविवारी.

जेवण झाल्यावर मी वर त्याच्या खोलीत पाण्याची कळशी ठेवायला गेलो. तो खाटेवर बसून पायाला तेल चोळत होता.

"सर्जा, माझे पाय त्याच्यावर पडतात," तो म्हणाला. "पळतो ना, तेव्हा. ढँग टकटक ढँग. मी रोकतो. पाय रुकत नाही."

मी कळशी ठेवली आणि झाकण लावलं. काहीतरी बोलायला हवं होतं. "सेमीला बघून घेऊ," म्हणालो आणि खाली आलो.

सेमीफायनल पुढच्या रविवारी, आणि समोर पुन्हा चौकीच. मंगळवारी संध्याकाळी तालमीत बैठक बसली. सगळ्यात जास्त तापला होता तो पोपट.

"आपल्या माणसाला माकड म्हणत्यात! ह्यांची जीभ हासडली पायजे!"

हे पोपट बोलत होता, आणि कुणी हसलं नाही. मीही नाही. ढोंग करत होता म्हणावं तर तसंही नव्हतं, त्याचे डोळे खरंच भरले होते. कुणी म्हणालं, आयोजकांकडं तक्रार करूया. कुणी म्हणालं, चौकात गाठूया चार जणांना. तेवढ्यात मला सुचलं, आणि सुचलं तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी उभाच राहिलो.

"मारामारी नको," मी म्हणालो. "त्यांनी ठेका धरला की आपण बी त्योच धरायचा. आठ हलग्या, त्यांच्या दुप्पट आवाज. आन् मधल्या जागंत त्याचं नाव घ्यायचं. ओ-सा-गी! बरोबर बसतंय बघा. शिवी जिथं जाती, तिथंच नाव."

मी मांडीवर वाजवून दाखवलं. नाव खरोखर चपखल बसत होतं. पोपटनं मला मिठी मारली. "नाद खुळा, सर्जा! डोकं हाय मर्दा तुला!" फ्लेक्स ठरला, 'ओसागी आमचा, आम्ही ओसागीचे'. कुणीतरी वर्तमानपत्राच्या बातमीदारालाही सांगून ठेवलं, कोल्हापूरच्या समर्थकांनी वर्णद्वेषाला उत्तर दिलं म्हणून फोटोसकट छापून येईल. मी मात्र मनातल्या मनात वेगळंच मांडत होतो. माझं मीच पुसून टाकणार होतो, आणि कुणाला काही सांगायलाही लागणार नव्हतं.

गुरुवारी प्रॅक्टिस झाल्यावर ओसागी मैदानाच्या कट्ट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. बुटाच्या नाड्या सोडता सोडता म्हणाला, "तू हलगीवाला. तुला माहीत असेल. ते कोण बनवला?"

"सोड की आता ते."

"नाही. सांग."

आजूबाजूला कुणी नव्हतं. पलीकडं माळी पाइपनं पाणी मारत होता. एका वाक्याचं काम होतं. पण त्यानं मग आमचं घर सोडलं असतं, आईनं विचारलं असतं का गेला, पेठेत झालं असतं की सेमीच्या तोंडावर सर्जामुळं ओसागी गेला. आणि रविवारी तर सगळं निस्तरणारच होतं. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "कोण कुठला, कुणाला म्हाईत. पर रविवारी बघ आम्ही काय करतोय ते. तुझ्यासाठी हाय."

"काय करणार?"

"बघशील."

त्यानं एक बूट काढून उलटा केला, आतली माती झाडली. "सर्जा, काही वाजवू नको," तो म्हणाला. "तुम्ही गप्प राहा, फक्त. मला चालेल."

"तू काळजी करू नको रे," मी म्हणालो.

रविवारी स्टेडियमच्या भिंतीलगत आम्ही रद्दी पेटवून हलग्या शेकल्या. कातडं तापून ताठ झालं, टिचकी मारली की खणखणीत बोलायला लागलं. ऊन कडक होतं. गॅलरी तीन वाजताच भरली. फ्लेक्स लागला, बातमीदार आला, पोपटनं गळ्यात शाल बांधली.

पहिला हाफ कोरा गेला. दुसऱ्या हाफमध्ये आमची कॉर्नर होती, ओसागी बॉक्समध्ये शिरला, आणि समोरून ठेका सुरू झाला. ढँग टकटक ढँग. जागा आली तशी हू हू आली.

मी हात वर केला. आठ हलग्या एकदम उठल्या.

पहिल्या खेपेला "ओ-सा-गी!" असं आलं की अंगावर काटा आला. ओसागीनं आमच्याकडं बघितलं. दुसऱ्या खेपेलाही नाव आलं. तिसऱ्यालाही. समोरचे गोंधळले. मी लय वाढवली, कारण असा ठेका अंगात आला की लय वाढतेच, तिथं वाजवणाऱ्याचं चालत नाही. चौथ्या का पाचव्या खेपेला गॅलरीच्या वरच्या पायऱ्यांवरून काहीतरी वेगळंच आलं. मला वाटलं समोरचा आवाज भिंतीवर आपटून परत येतोय. सहाव्या खेपेला कळलं की तसं नव्हतं.

आमचीच माणसं हू हू करत होती.

कुणी मुद्दाम केलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. आदल्या वर्षी याच गॅलरीत, याच ठेक्यावर, याच जागेत त्यांनी तेच केलं होतं. ठेका मी दिला, तोंडानं आपलं काम केलं. वरून खाली पायरी पायरीनं ते उतरत आलं. नाव घेणारे थोडे, तेही दमलेले. मी पोपटकडं बघितलं. त्याचे दोन्ही हात तोंडाशी होते. त्याच्या डोळ्यांत प्रेम होतं, दुसरं काही नव्हतं, आणि त्याच्या तोंडातून येत होतं ते "हू! हू!" त्याला स्वतःला ते ऐकू येत नव्हतं.

मी हात थांबवले. ठेका थांबला नाही. बाकीच्या सात हलग्या मीच शिकवलेल्या होत्या, आणि त्या जोरात होत्या. मी ओरडलो, "थांबा! अरे बंद करा!" शेजारच्यानं मान डोलावली आणि आणखी जोर लावला, त्याला वाटलं मी चेव देतोय.

मग समोरची गॅलरी थांबली. चौकीवाले वाजवायचे थांबले आणि आमच्याकडं बघायला लागले. कुणीतरी हसायला लागलं, मग सगळेच. पूर्ण स्टेडियममध्ये तो ठेका आता एकाच बाजूनं वाजत होता, आणि ती बाजू आमची होती.

ओसागी बॉक्स सोडून आमच्या गॅलरीकडं चालत आला. पळत नाही, चालत. गॅलरीच्या जाळीपलीकडं, माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर उभा राहिला. माझ्या तोंडाकडं त्यानं बघितलंच नाही. तो माझ्या हातांकडं बघत होता. दोन्ही हातांत काठ्या तशाच होत्या, खाली कराव्यात हेही मला सुचलं नव्हतं. मला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, किंवा लाज वाटेल, निदान भीती तरी. काहीच आलं नाही. हात मनगटापर्यंत बधिर झाले होते, आणि आतही तसंच काहीतरी झालं होतं.

रेफ्रीनं शिट्टी मारली. ओसागी वळला, बॉक्समध्ये जाऊन उभा राहिला. कॉर्नर आली. तो उठला, आणि बॉल जाळीत गेला.

त्यानं हात वर केले नाहीत. तो मागं वळून सेंटरला चालत गेला. आमची टीम त्याच्या अंगावर पडली तर तो मधे खांबासारखा उभा. एक-शून्यनं आम्ही फायनलला गेलो. गुलाल उडाला. पोपट माझ्या गळ्यात पडून रडला. "तुझी आयडिया, सर्जा! तुझ्या आयडियानं जिंकलो! बघितलंस, कसं पेटलं ते आपलं पोरगं?" दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, फ्लेक्ससकट. बातमीत लिहिलं होतं, समर्थकांनी खेळाडूच्या नावाचा गजर केला.

मॅचच्याच संध्याकाळी आईनं मटण केलं होतं. ओसागी आंघोळ करून खाली आला. मानेवर गुलाल राहिला होता, आईनं तो पदरानं पुसला. तो नेहमीसारखा जेवला, दोनदा रस्सा घेतला. मी समोर बसून वाट बघत होतो. आता विचारेल, आणि आता मी सांगेन. वाक्य तयार होतं. त्यानं विचारलंच नाही. त्याची बोटं ताटाला लागली नाहीत.

आबांनी उंबऱ्यातून विचारलं, "कोण जिंकलं?"

"आपण," मी म्हणालो.

सकाळी तो बॅग घेऊन खाली उतरला. फायनल आठ दिवसांवर होती. आईला म्हणाला, "आई, मी जातो." तिला वाटलं प्रॅक्टिसला. मग बॅग बघून तिनं माझ्याकडं बघितलं. दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली. मी गाडी काढली आणि त्याला स्टँडवर सोडायला गेलो. पणजीची बस लागलेली होती. बॅग वर चढवली, खाली उतरलो, आणि तो पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात म्हणालो, "त्यो ठेका मी बनवला."

"मालूम," तो म्हणाला.

"काल कळलं न्हवं? हात बघून?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "मागच्या वर्षी. मी पेनल्टी मारणार. तू जाळीच्या मागे, एकदम समोर. पिवळा शर्ट. मी हात बघितला."

मागं कंडक्टर घंटी मारत होता. मला ते समजायला वेळ लागला. "मग आमच्या घरात ऱ्हायला कसा आलास?"

"तालमीनं पत्ता दिला. मी दरवाजा वाजवला. तू उघडला."

"पैल्या दिवसापास्नं म्हाईत होतं तुला?"

"हां."

"मग विचारत कशाला हुतास? कोण बनवला म्हणून?"

तो मराठी शब्द शोधत होता. भाकरीचं गाठोडं त्यानं या हातातून त्या हातात घेतलं.

"तू सांगशील म्हणून," तो म्हणाला. "मी दोनदा विचारला."

बस सुटली. मी स्टँडवर उभा राहिलो, मग गाडी चालू केली, मग घरी आलो. आईनं वरची खोली झाडून घेतली होती. फायनल आम्ही हरलो. पेठेत ठरलं की गोव्याच्या टीमनं ओसागीला फोडला, परदेशी माणसाला पेठेची माया नसते. पोपट महिनाभर त्याला शिव्या देत होता. मी तोंड उघडलं नाही, आणि सवयीनं पुढं ते बंदच राहिलं. हलगी मी पुन्हा शेकली नाही. तिचं कातडं आता सैल पडलंय. आबा गेले तेव्हाही ती खिळ्यावरच होती.

ठेका मात्र टिकला. तो आता सगळीकडं आहे. वरातीत वाजतो, मिरवणुकीत वाजतो, मागच्या महिन्यात पोपटच्या मुलीच्या हळदीला वाजला. जागा आली की बायका शिट्ट्या मारतात, पाहुणे हात तोंडाशी नेऊन हू हू करतात, आणि ते कुठून आलं हे कुणालाच ठाऊक नसतं. मी मांडवाच्या कडेला ताट घेऊन उभा असतो. ठेका कोणी बनवला असं कुणी विचारलं, तर मी लगेच सांगेन. अजून कुणी विचारलेलं नाही.